आभाचा नंबर आहे, तरी रिपोर्ट दिसत नाही

प्रश्न : माझ्या मुलीला सिकलसेल (एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला रक्ताचा आजार) आहे, वय 11. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून कधी ग्रामीण रुग्णालय, कधी गोंदिया, कधी थेट नागपूर. जिथं जावं तिथं पुन्हा रक्त काढतात. आशाताईंनी आभा कार्ड (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचं) काढून दिलं, पण नागपूरला कॉम्प्युटरवर पोरीचं काहीच दिसलं नाही. मग हे कार्ड कामाचं काय? – एक पालक

उत्तर : भाऊ, आभाच्या 14 आकडी नंबरात रिपोर्ट नसतात. रिपोर्ट ज्या दवाखान्यात झाला तिथंच राहतो. नंबरामुळे तो फक्त सापडतो. त्यासाठी तो दवाखाना आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडलेला लागतो, आणि तपासणीच्या वेळी पोरीचा नंबर नोंदीवर चढलेला लागतो. यातलं एक जरी राहिलं, तर पुढच्या डॉक्टरचा स्क्रीन कोराच. योजना 2021 मध्ये देशभर सुरू झाली खरी, पण व्हरांड्याबाहेर रांग गेली असताना नंबर चढवायचं राहून जातं. सरकारी ओपीडीत मी बरीच वर्षं काढली, त्यामुळे खिडकीवरच्या माणसाला दोष देववत नाही. चिठ्ठी काढतानाच ‘आभा नंबर चढवा’ म्हणा. (आयुष्मान कार्ड वेगळं, ते उपचाराच्या खर्चाचं. अर्धं गाव दोन्ही एकच समजतं.)

तोवर कागदच खरे. पण अख्खी पन्नी डॉक्टरच्या टेबलावर उलटी करू नका, त्यातलं कोणी काही वाचत नाही. दोन गोष्टी सगळ्यात वर ठेवा.

पहिली, सिकलसेलचं निदान झालं तो एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट (रक्तात कोणत्या प्रकारचं हिमोग्लोबिन किती, हे सांगणाऱ्या तपासण्या). पोरीला रक्त चढवलं की त्यानंतर काही काळ ही तपासणी फसवी येते, कारण त्यात दात्याचंही हिमोग्लोबिन मोजलं जातं. म्हणून रक्त चढवण्याआधीचा जुना रिपोर्ट सोन्यासारखा जपा.

दुसरी, पोर बरी असतानाचं तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन. एसएसच्या बऱ्याच लेकरांचं ते 7-8 च्या आसपासच असतं. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला हे ठाऊक नसलं, तर तो 7.5 बघून घाबरतो आणि लगेच रक्ताची पिशवी मागवतो. तारखेसकट हे आकडे एका कागदावर लिहा. रक्तगट, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाचा डोस आणि आधी कधी रक्त चढवलं तेही त्यावरच.

पोर भरती झाली असेल तर सुट्टीच्या कार्डावर थांबू नका, केसपेपरची प्रत मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर 72 तासांत ती द्यावी लागते. तोंडी मागून मिळाली नाही तर अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.

सोनोग्राफीचा फोटो, ईसीजीची पट्टी यांना मात्र लॅमिनेशन करू नका. तो कागद उष्णतेवर छापला जातो. गरम रोलरमधून गेला की काळा ठिक्कर. झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या, डिजिलॉकरमध्ये टाका.

आणि रिपोर्ट बघण्यासाठी आभावर संमती मागणारा मेसेज आला, तर कोणता दवाखाना, कोणते कागद, कुठपर्यंत, हे वाचूनच हो म्हणा. दिलेली संमती मागेही घेता येते. फोन करून ओटीपी मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा, मग तो कितीही ‘मिशनमधून बोलतोय’ म्हणू दे. पोरीचा आजार कोणाला सांगायचा हे तुम्ही घरचे ठरवाल.