बेळगावला जायच्या आधी वाच

बाळा,

परवा पहाटे 1600 मीटर मारून झाल्यावर टेंबलाईवाडीत चहा घेताना तू विचारलंस आणि मी "आधी बेळगावला फौजेच्या ट्रेनिंगला तर जा, मग बघू" म्हणून उडवून लावलं. ते चुकलं माझं. तुझा प्रश्न असा होता की, आप्पा, समोरचा जखमी होऊन पडलाय, हात वर केलेत त्यानं, पण पाच मिनिटांपूर्वी त्यानंच आपला एक पोरगा मारलाय, तर काय करायचं? आणि मग ग्लासात बघत हळूच म्हणालास, ग्रुपवर सगळे 'एकालाबी सोडायचं नाही' म्हणतायत, मी पण तसलंच स्टेटस ठेवलंवतं, रात्री काढून टाकलं, का काढलं ते मलाच कळेना.

मला कळलं. म्हणून लिहितोय. भरतीत निघालास वगैरे कौतुक इथं करत बसत नाही, त्याला तुझी आई आहे, तिनं अर्ध्या गल्लीत पेढे वाटून झालेत.

एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच सारखी सांगणार आहे. हत्यार खाली पडलं की हिशेब संपला.

आता तू 'पण' म्हणणार. तुझे सगळे पण मला पाठ आहेत, मी स्वतः पन्नास वर्षं तेच म्हणत आलोय.

पहिला पण, तो नाटक करत असला तर? अरे हा धंद्यातला प्रश्न आहे, तो बेळगावला उस्ताद शिकवतील. एकानं कव्हर धरायचं, एकानं झडती घ्यायची, हत्यार पायानं लांब सारायचं, उपडा पडला असला तर पोटाखाली ग्रेनेड आहे असंच धरून चालायचं. त्याचा हात पिनकडं जातोय तोवर तो लढतोयच, घाल गोळी, मी एक शब्द बोलणार नाही, कायदापण बोलणार नाही. पण हात दिसले, झडती झाली, काय नाही सापडलं, तर मग तहान असेल तर पाणी आणि रक्त असेल तर पट्टी. आणि डॉक्टरकडं आधी कोण, तर ज्याची जखम मोठी तो आधी, वर्दी कुठली ते बघायचं नाही. हे मी भाबडेपणानं सांगत नाही, 1949 च्या जिनिव्हा करारात लिहिलंय आणि 1960 साली आपल्या संसदेनं त्याचा कायदा केलाय.

दुसरा पण, त्यांनी आपल्या पोरांचं काय केलं? कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्याबरोबरचे पाच जवान, 1999, कारगिलात गस्तीवर असताना पाकिस्ताननं पकडलं, तीन आठवड्यांनी देह परत मिळाले, त्या देहांची अवस्था तू वाचली असशीलच. तेव्हा मी पेन्शनीवर आलोवतो आणि टीव्हीसमोर बसून शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. पण त्याच कारगिलात, त्याच जुलैत, टायगर हिलवर त्यांचा एक कॅप्टन, कर्नल शेर खान, पडेपर्यंत लढला आणि आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात चिठ्ठी घालून देह परत पाठवला, की हा मर्दासारखा लढलाय. (कर्नल हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे, पोरं इथं हमखास चुकतात.) पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर दिला, त्यांचं सगळ्यात मोठं पदक. आणि त्यांचे जे मुडदे त्यांच्याच सरकारनं आपले म्हणायला नकार दिला ते आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणं दफन केले. कालियांची बातमी कळल्यावर केलंय हे, आधी नाही. ते कसे वागले यावर आपण कसं वागायचं ते ठरणार असेल तर मग आपली पलटण चालवतंय कोण, आपले अधिकारी का त्यांचे?

आणि गाडीच्या मागं महाराजांचं स्टिकर लावून फिरतोस ना? प्रतापगडाखाली खानाची फौज मोडली तेव्हा दाती तृण धरून जे शरण आले त्यांना सोडलं, बखरीत आहे. तेवढं स्टिकर लावणाऱ्याला ठाऊक असायला पाहिजे.

तिसरा पण जड आहे. समोरचा नुसता सैनिक नसून हैवान असला तर? 16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात शरणागती झाली, 93 हजाराच्या आसपास लोक आपल्या ताब्यात आले, सैनिक आणि थोडे सिव्हिलियन. त्या फौजेनं बंगाल्यांवर नऊ महिने काय केलंवतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथल्या लोकांचा राग इतका की कैद्यांना त्यांच्यापासून सांभाळायची ड्युटी आपल्याच पोरांवर. त्यातल्या 195 जणांवर बांगलादेश खटला चालवणार होता, 1974 ला तेही सोडून दिलं. ते चुकलंच, माझं स्पष्ट मत आहे, खटला व्हायलाच पाहिजे होता. पण तो निकाल संत्री ड्युटीवरच्या वीस वर्षांच्या पोरानं लावायचा नव्हता.

तो पोरगा मी.

कॅम्प कुठला ते सांगत नाही. 1972 चा उन्हाळा, मे महिना असेल. माझ्या शेजारच्या गावचा जोडीदार, बरोबर भरती झालेला, डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवर मारला गेलावता. तारेपलीकडं एक कैदी रोज सकाळी मग विसळून उन्हात पालथा घालायचा, वयानं माझ्या चुलत्याएवढा, दाढीत पांढरं. एक दिवस डाक गोळा करून झाली आणि हा मागनं पळत आला. हातात कार्ड. दोन्ही हातांनी धरलंवतं, आपण देवळात नारळ देतो तसं. म्हणाला, बेटा, ऑफिस में दे देना.

मी घेतलं. खिशात घातलं. दिलं नाही.

हात लावला नाही त्याला, शिवी दिली नाही, पाणी तोडलं नाही. नुसतं दिलं नाही. त्या रात्री मला वाटलं जोडीदाराच्या आईला जशी तार गेली तसं ह्याच्या घरीपण कुणीतरी वाट बघत बसू दे. सकाळी तो तारेपलीकडनं मान हलवून हसला, झालं का काम, अशा अर्थानं, आणि मीपण मान हलवली.

आता तू म्हणशील एवढंच होय आप्पा. मीपण हेच म्हणतो. कैद्याला महिन्याला दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यायचा नियमच आहे, म्हणजे त्यानं पुढच्या आठवड्यात दुसरं लिहिलंच असणार, रेडक्रॉसवाले यायचे, यादी जायची, घरच्यांना कळलंच असणार. आणि मी वीस वर्षांचा होतो. आणि मला कुणी बसवून नीट सांगितलं नव्हतं. यातलं एकपण खोटं नाही आणि तरी कार्ड माझ्या ट्रंकेत आहे.

पेन्शनीवर आल्यावर ट्रंक उपसताना ते सापडलं. दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळापासूनचं मुस्लिम बोर्डिंग आहे ना, तिथं एक उर्दूचे गुरुजी ओळखीचे होते, त्यांच्याकडनं वाचून घेतलं. पत्ता झेलम जिल्ह्यातल्या खेड्याचा. आपलं जसं सैनिक टाकळी, घरटी एक जण फौजेत, तसलाच तो मुलूख. मजकूर चार ओळी. मी जिवंत आहे, खायला मिळतं, धाकट्याला शाळेतनं काढू नका, म्हैस विकू नका मी आल्यावर बघतो. गुरुजींनी चष्मा काढून विचारलं, हे तुमच्याकडं कसं? मी म्हटलं सापडलं.

त्या म्हशीचं काय झालं असेल याचा मी किती विचार केलाय सांगितलं तर हसशील.

त्याच लढाईपासून आपले 54 जण बेपत्ता आहेत. ते पाकिस्तानात कैदेत असल्याचं आपलं सरकार म्हणतं, पाकिस्तान नाही म्हणतं. त्यांच्या घरच्यांचं पेपरात आलं की मी ते पान दुमडून ठेवतो, पुढचं वाचवत नाही. एखाद्यानं तिकडं असंच कुणा संत्र्याच्या हातात काहीतरी दिलं असेल का रे?

म्हणून सांगतोय, हत्यार खाली पडलं की हिशेब संपला. जोडीदाराचापण. गोळीचा प्रश्न एखाद्या वेळी येईल, तुझ्या अग्निवीराच्या चार वर्षांत देव करो आणि न येवो. कार्डाचा प्रश्न रोज येतो. मगाचा, बिडीचा, लघवीला सोडायचा, मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढायचा. हो, तेपण बसत नाही नियमात, कैद्याचा तमाशा करायचा नाही असं त्याच करारात आहे. तुला कुस्तीचं उदाहरण देणार होतो, चितपट झाल्यावर कुणी गळा धरत नाही म्हणून, पण ते इथं उपयोगाचं नाही. खासबागेत पंच असतो, शिट्टी वाजते, वर हजारो डोळे. तिथं रात्री दोनला तू आणि तो, मधी तार. शिट्टी तुझी तुलाच वाजवायचीय आणि दमलेला असशील, डोकं फिरलेलं असेल, त्यामुळं ते आत्ताच ठरवून जा. तिथं जाऊन ठरवू म्हणशील तर माझ्यासारखं होईल.

आणि ग्रुपवरच्यांना उत्तर देत बसू नकोस. त्यातला एकपण 1600 पुरा पळत नाही.

निघायच्या आधी रविवारी घरी ये, जेवायलाच ये, काकूनं तांबडा-पांढरा करायचं ठरवलंय. लोकरीचे दोन मोजे काढून ठेवलेत तुझ्यासाठी. कार्डपण दाखवतो, तुला उर्दू येत नाही, मलापण येत नाही, तरी बघ. हातात घेताना जपून, मधल्या घडीवर फाटायला आलंय.

तुझा,
आप्पा