ओव्हरटाइम दुप्पटच, पण कोणत्या महिन्यापासून?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सहा वर्षं बारा तासांची पाळी, जादा तासांचे पैसे एकपट, आणि जून २०२५ मध्ये नोकरी सोडताना ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याच्या कागदावर, सही. २०२० पासूनचा फरक मिळेल का, असं तुम्ही विचारता. हाच प्रश्न घेऊन दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात कितीतरी कामगार येतात, आणि बहुतेक सगळे उशिरा येतात.

तुम्ही नोकरीत असताना लागू असलेल्या कारखाने कायद्याचं कलम ५९ जादा तासांना दुप्पट दर देत होतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. सहीचीही फार धास्ती नको. तेव्हाच्याच वेतन अदायगी कायद्याच्या कलम २३ पुढे हक्क सोडल्याचा करार टिकत नाही. सगळं अडतं त्याच कायद्याच्या कलम १५ मधल्या दावा करण्याच्या मुदतीवर: पगार देय झाल्यापासून १२ महिने. प्रत्येक महिन्याची मुदत वेगळी, त्यामुळे तुम्ही थांबलात तसा मागचा एकेक महिना बाद होत गेला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता या नव्या कायद्यात ही मुदत ३ वर्षांची आहे. पण तोवर बाद झालेला महिना तिच्यामुळे पुन्हा जिवंत होईल, यावर मी भिस्त ठेवणार नाही. नोव्हेंबर २०२४ पासूनचा फरक त्या दिवशी मुदतीतच होता, तो ठामपणे मागा. आधीचा विलंबमाफीच्या अर्जासह. नोकरी जाण्याची भीती हे कारण मान्य होईलच असं नाही. तुम्ही सुपरवायझर होतात, म्हणून ओव्हरटाइमचा हक्कच नाही, असंही कंपनी म्हणेल. तिथे प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहिलं जाईल.

२०२० चं मात्र वाईट वाटतं. १७ एप्रिलच्या अधिसूचनेने गुजरात सरकारने बारा तास आणि एकपट दर चालवून घेतला. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या काळाचा ओव्हरटाइम कलम ५९ प्रमाणे द्यायला सांगितला. तेव्हाच अर्ज करायचा होता! बारा तासांची पाळी किती जुन्या काळातली आहे ते पाहा. १८८१ चा पहिला कारखाने कायदा मुलांपुरता होता. प्रौढ पुरुषांना १२ तासांची मर्यादा १९११ मध्ये मिळाली, तीही कापड गिरण्यांत. १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १०, १९४८ मध्ये ९. तुमच्या मालकाने तुम्हाला १९११ च्या तासांवर राबवलं आणि तुम्ही पगाराच्या चिठ्ठ्यासुद्धा जपल्या नाहीत.

आता बँकेचं आणि पीएफचं पासबुक, पाळीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज काढा. कंपनीचं मस्टर (हजेरीपट) मागवण्याचा अर्ज दाव्यासोबतच द्या. तोंडी बोलण्यांनी मुदत थांबत नाही. याच आठवड्यात दावा दाखल करा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.