त्साओशू म्हणजे गिचमिड नव्हे

तुमचे प्रश्न दोन: त्साओशू ही चिनी सुलेखनातली जलद शैली सामान्य चिनी माणसालाही धड वाचता येत नाही, तर तिला कला का म्हणायचं? आणि शिकायला थेट तिच्यापासूनच बसलं तर?

आधी एक गैरसमज, जो माझाही बरेच दिवस होता. सुबक, सुटी सुटी 'खायशू' भरभर लिहिली की त्साओशू होते, असं वाटतं. तसं नाही. हान राजवटीच्या काळात (साधारण दोन हजार वर्षांपूर्वी) कचेऱ्यांत 'लीशू' चालायची, आडव्या रेघेला शेवटी शेपटीसारखा फटकारा असलेली. तिच्याच घाईतल्या लेखनातून त्साओशू निघाली. खायशू मागाहून स्थिरावली. म्हणून त्साओशूची कितीतरी वळणं खायशूवरून ओळखता येत नाहीत, वेगळी घोकावी लागतात. एखादा वळसा चुकला की भलतंच अक्षर होतं. मोडी वाचणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

आता कलेचं. कुंचला दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. श्वान कागद, म्हणजे सुलेखनाचा चिनी कागद, शाई पितो, हात थबकला की डाग पसरतो, आणि रेघ पुन्हा गिरवायची नसते. त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात कुठे अडला, कुठे धावला, सगळं कागदावर राहतं. चिनी सुलेखनकार यान झेनछिंगचा ७५८ सालचा मसुदा बघा (शिंगशूत, म्हणजे खायशू आणि त्साओशूच्या मधल्या शैलीत). आन लूशान या सेनापतीच्या बंडात पुतण्या मारला गेला, त्याच्यासाठी लिहिलेला हा शोकलेख. खाडाखोड आहे, शाई संपत आली तरी तो लिहीतच गेलाय, शब्द कोरडे, फाटके उमटलेत. भिंतीवर लावायला कोणी असं लिहीत नाही. तरी तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात तो जिवापाड जपलाय. अर्थ न कळताही तो नजरेने, पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत, हाताच्या मागे मागे जात बघता येतो.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नको. बहुतेक जण यानच्याच ७५२ सालच्या दोबाओ शिलालेखावरून खायशू गिरवायला सांगतात. मी मात्र मोठ्या वयात शिकणाऱ्याला १८५ सालचा त्साओ छ्वान शिलालेख देईन. तो लीशूत आहे, आणि लीशू हाताला घाई करू देत नाही. दोन्ही शिळा शीआनला आहेत, शिळेवर कागद दाबून घेतलेल्या ठशांची पुस्तकं सहज मिळतात. फक्त ध्यानात ठेवा, ठशात कुंचल्याइतकीच छिन्नीही दिसते.

महाग कागद आत्ताच घेऊ नका. बाटलीतली शाई चालेल. कुंचला मात्र त्याच दिवशी धुवा. माझ्या पहिल्याच्या मुळाशी शाई वाळून दगड झाला होता.