जुने बास्केटबॉल समजून घेताना सुरुवात कुठून करावी?

तुमची उत्सुकता पाहून आनंद झाला. सुरुवातीला बिल रसेल, विल्ट चेंबरलेन आणि मायकेल जॉर्डन हे तीनच खेळाडू निवडा आणि त्यांचे पूर्ण सामने पाहा, कारण निवडक क्षणांच्या चित्रफितींत बचाव जवळजवळ दिसतच नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे केवळ गुणांवरून थोरवी ठरवणे. चेंबरलेनने 1962 मध्ये एकाच सामन्यात 100 गुण केले, हे खरोखर अचाट आहे. परंतु 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवणाऱ्या रसेलचे मोठेपण ज्या बचावात होते, त्यातील ब्लॉकची (प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हाताने अडवण्याची) अधिकृत नोंद एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये 1973-74 पर्यंत होतच नसे. तीन गुणांची रेषाही (जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) तेथे 1979-80 च्या हंगामात आली, म्हणून वेगवेगळ्या काळांतील आकडे थेट शेजारी मांडू नका.

मैदानांबाबतही असाच घोटाळा होतो. जॉर्डनची पहिली तीन विजेतेपदे शिकागो स्टेडियमच्या काळातली आहेत. त्याच्या शिकागो संघाचे नंतरचे मैदान, युनायटेड सेंटर, 1994 मध्ये सुरू झाले. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नाव तर एकामागून एक चार वास्तूंनी धारण केले असून आजची वास्तू 1968 ची आहे. त्यामुळे सामना पाहताना वर्ष आणि मैदान दोन्ही टिपून ठेवा. प्रगत आकडेवारीकडे इतक्यात वळू नका.