काकाचं कॅलिपर ठेव

वर्षश्राद्धाआधी काकाची खोली आवरायला घेतलीयस, तर एक ऐक. व्हीलचेअर दे, कुणाच्या तरी कामी येईल. कॅलिपर, म्हणजे पोलिओच्या पायाला लावायचा तो पट्ट्यांचा आधार, मात्र ठेव. ते त्याच्याच पायाच्या मापाचं, दुसऱ्याला बसायचं नाही. माझ्या आत्याचं मी भंगारात घातलं, अजून चुटपुट लागते. ती उठून उभी राहिली की गुडघ्याचं लॉक खट्‌कन लागायचं, आणि त्या आवाजावर आम्ही पत्ते लपवायचो!

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. तुमच्या पोरांना कॅलिपर म्हणजे काय हेच ठाऊक नसणार. हातात दे, पट्टे लावून बघू देत. त्याच्याबद्दल लिहायला बसलास तर ‘बिचारा’ नको. तिरसटपणा, उधारी, रमीतली लबाडी, सगळं येऊ दे. फोटोसुद्धा पाय टेबलामागे न लपवलेला शोध. असतो एखादा, बहुतेक कुणाच्या तरी लग्नातला.