वाचक विचारतात : क्यूबात दुकानदार कोण?

प्रश्न : १९९२ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे कॉम्रेड सुरजीत यांनी क्यूबाला दहा हजार टन गहू पाठवला. तेव्हा आम्हीही इथे लाल बावट्याखाली डबा फिरवला होता. आता वाचतो की तिथली हॉटेलं, दुकानं, पेट्रोलपंप लष्कराच्या मालकीचे आहेत आणि लोक पावाला महाग झालेत. हे खरं की अमेरिकेचा प्रचार?
— निवृत्त यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

उत्तर : काका, खरं आहे. आणि अमेरिकेची नाकेबंदीही खरी आहे, १९६२ पासूनची. २०२० मध्ये ट्रम्प सरकारच्या निर्बंधांमुळे वेस्टर्न युनियनला तिथला गाशा गुंडाळावा लागला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना परदेशातून येणारे चार पैसे अडकले. पण सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडता येत नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाचं सैन्य कफल्लक झालं. तेव्हा संरक्षणमंत्री असलेले राउल कास्त्रो म्हणाले, तोफांपेक्षा आज घेवडा महत्त्वाचा. मग सैन्यच धंद्यात उतरलं. त्यातून ‘गाएसा’ हा उद्योगसमूह वाढला. ‘गाविओता’ची हॉटेलं त्याची, ‘सिमेक्स’चे पेट्रोलपंप आणि दुकानं त्याची, मारिएल बंदरातही तोच. २०१६ मध्ये जुन्या हवानातली हॉटेलं-उपाहारगृहं आणि परकीय चलनाची मोठी बँकही त्याच्याकडे गेली. कित्येक वर्षं या सगळ्याचे कर्तेधर्ते होते राउल यांचे एकेकाळचे जावई, जनरल लोपेस-काजेहा. ते २०२२ मध्ये वारले. तळे राखी तो पाणी चाखी हे आपण समजू शकतो. इथे तळंच राखणदाराच्या नावावर आहे.

हवानाच्या वेदादो भागात मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचं रेशनचं पुस्तक मी रोज बघायचे. माणशी दिवसाला ८० ग्रॅमचा एक पाव. (सप्टेंबर २०२४ मध्ये पीठ नाही म्हणून तो ६० ग्रॅमचा झाला.) दुकानात काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं काय आलंय ते, तेलापुढची जागा बहुधा कोरीच. तेल हवं तर दोन गल्ल्या पलीकडे परकीय चलनाचं दुकान. तिथे क्यूबाचे पेसो चालत नसत, रोख डॉलरही नाहीत, फक्त कार्ड. कार्डात पैसे भरणार मायामीतला भाचा, आणि दुकान त्याच लष्करी समूहाचं. बाईंना पेन्शन पेसोत. किमान पेन्शन तेव्हा १,५२८ पेसो होती. २०२४ मध्ये तीस अंड्यांचा ट्रे तीन हजारांच्या आसपास गेला. हिशेब तुम्हीच करा.

आणि पैसा जातो कुठे? हॉटेलांत. २०१८ मध्ये ४७ लाख पर्यटक आले होते, २०२४ मध्ये जेमतेम २२ लाख. तरी वेदादोत ४२ मजल्यांचं हॉटेल उभं राहिलंच. सरकारी आकड्यांतच दिसतं की अलीकडच्या वर्षांत एकूण गुंतवणुकीतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा हॉटेलं-इमारतींकडे गेला आणि शेतीला तीन टक्क्यांच्या आसपास. वीजकेंद्रं जुनाट, ऑक्टोबर २०२४ मध्ये अख्खा देश अंधारात गेला. गहू बाहेरून आणणाऱ्या देशाने रिकाम्या खोल्या बांधाव्यात, हे वॉशिंग्टनने नाही ठरवलेलं.

तुमच्यासाठी अजून एक गोष्ट. लष्कराच्याच मालकीच्या ‘मांसाना’ या आलिशान हॉटेलाच्या बांधकामावर २०१६ मध्ये फ्रेंच कंत्राटदाराने थेट भारतातून मजूर आणले होते. पगार स्थानिक गवंड्यांच्या कितीतरी पट. कामगारांच्या राज्यात गवंडीकाम करणाऱ्या क्यूबन माणसाला काय वाटलं असेल!

प्रश्न : आपल्याकडेही मिलिटरी कँटीन असते. मग फरक काय?
— माजी सैनिकाची पत्नी, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या कँटीनमध्ये सैनिकांना आणि माजी सैनिकांना सवलतीत माल मिळतो, बाकीच्यांना बाहेर दहा दुकानं आहेत. शिवाय या कँटीनना माल पुरवणाऱ्या सीएसडी खात्याचे हिशेब कॅग तपासतो. क्यूबाच्या महालेखापाल ग्लादिस बेहेरानो यांनी मे २०२४ मध्ये एका स्पॅनिश वृत्तसंस्थेला सांगितलं की गाएसा आपल्या तपासणीच्या कक्षेत येत नाही. जुलैमध्ये त्या पदावरून गेल्या. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे, असं सरकारने काही म्हटलेलं नाही.