वाचकांचे प्रश्न: डार्ट फ्रॉग, परवाना आणि जळगावचा मे महिना

प्रश्न (भुसावळ): एक विक्रेता निळे-काळे डार्ट फ्रॉग (मध्य-दक्षिण अमेरिकेतले छोटे, रंगीत, विषारी म्हणून ओळखले जाणारे बेडूक) जोडीने विकतो. ‘बिल देतो, परिवेशवर नोंद नंतर करून घ्या,’ म्हणतो (परिवेश म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे ऑनलाइन पोर्टल). घ्यावेत का?

उत्तर: नुसत्या बिलावर घेऊ नका. डेंड्रोबेट्स, फायलोबेट्स, रानिटोमेया, उफागा या डार्ट फ्रॉगच्या गटांतल्या जाती १९८७ पासून साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार होणाऱ्यांच्या यादीत, आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधल्या जाती अनुसूची ४ मध्ये आल्या. कलम ४९-एम प्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणे, दुसऱ्याला देणे, त्याची पैदास आणि मृत्यू, सगळे कळवावे लागते. २०२४ च्या नियमांनुसार ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० वर अर्ज करायचा. आधीपासून पाळणाऱ्यांना दिलेली सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली.

विक्रेत्याकडे त्याच्या स्वतःच्या नावाची नोंद मागा, पिल्ले असतील तर आई-बापांची आणि जन्माचीही. ती नसेल तर तुमची नोंद कशाच्या आधारावर होणार? बिलाने फक्त पैसे दिल्याचे कळते, बेडूक देशात कसा आला ते नाही. ‘फुकट भेट दिली’ म्हटले तरी ते हस्तांतरच ठरते.

प्रश्न (चोपडा): मग थेट युरोपातून मागवले तर?

उत्तर: मागवता येतात, पण क्रम चुकला की माल विमानतळावरच अडकतो. आधी मुख्य वन्यजीव रक्षकांची (आपल्याकडे कार्यालय नागपूरला) ना-हरकत घ्या, मग डीजीएफटीचा (केंद्राचे विदेश व्यापार महासंचालनालय) आयात परवाना, आणि पशुसंवर्धन विभागाची आरोग्यविषयक परवानगी. हे हातात आले की मगच विक्रेत्याला त्याच्या देशाचा साइट्स निर्यात परवाना काढायला सांगा. तो सहा महिनेच चालतो, म्हणून आधी काढून ठेवला तर आपले कागद फिरेपर्यंत बाद होतो. त्यावरचा स्रोताचा संकेत वाचा: सी म्हणजे बंदिस्त पैदास, एफ म्हणजे बंदिस्तात जन्मलेली पण सीच्या अटीत न बसणारी पिल्ले, डब्ल्यू म्हणजे जंगलातून धरलेले. शास्त्रीय नाव आणि नग सगळ्या कागदांवर तंतोतंत एकच हवेत. मुंबईत उतरल्यावर क्वारंटाइन तपासणी. काइट्रिड बुरशी (बेडकांच्या कातडीचा जीवघेणा रोग पसरवणारी) ही खरी धास्ती आहे. टाकीचे पाणी उकळल्याशिवाय शेतात किंवा नाल्यात ओतू नका.

टपालाने, ‘शोभेचे मासे’ लिहून मागवणे म्हणजे तस्करी. सीमाशुल्क कायदाही लागतो.

प्रश्न (धुळे): नोंद केलेल्या जोडीने अंडी दिली तर ब्रीडर लायसन्स लागते का? आणि आमच्या उन्हाळ्यात जगतील का?

उत्तर: पैदाशीचे ते लायसन्स साइट्सच्या परिशिष्ट १ च्या जातींसाठी आहे, या बेडकांना लागत नाही. जन्म-मृत्यू मात्र कळवायचाच.

उन्हाळ्याचे विचाराल तर तीच खरी अडचण. यांना २२ ते २६ अंश आणि ८० टक्क्यांवर दमटपणा लागतो. ३० अंशांत काही तास गेले तरी मरू शकतात. बाहेर ४४ असताना डेझर्ट कूलरने खोली तेवढी उतरत नाही, शिवाय एलईडीने टाकी आणखी दोन अंश तापते. एसीच लागेल. वीज गेली तर थर्माकोलच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली ठेवा. बर्फ टाकीत टाकू नका.

खाद्य म्हणजे न उडणारी ड्रोसोफिला माशी (छोटी फळमाशी), ती डब्यात वाढवायची. माशीला केळ्याचा गर चालतो, साल नको, तिच्यावर फवारणीचा अंश असतो. डबे कापडाने घट्ट बांधा. आपल्याकडच्या रानमाशा आत शिरल्या की पुढच्या पिढीला पंख येतात. आणि व्हेस्टिजियल (खुरटलेल्या पंखांच्या) वाणाची माशी असेल तर २९-३० अंशांच्या उष्णतेतच तिचे पंख वाढतात, नर वांझ होतात, डब्यातली पैदास बंद पडते. म्हणून मार्च ते जूनमध्ये माश्यांचे डबेही बेडकांच्याच एसी खोलीत ठेवा.

विषाची भीती नको. ते जंगलातल्या मुंग्या आणि माइट्स (सूक्ष्म कोळीकिडी) यांच्या आहारातून येते. माशीवर वाढलेल्या पिल्लांत ते नसते.